घरी बसवायची इन्फ्रारेड सॉना केबिन : काय मिळतं, काय मिळत नाही आणि भिंतीतल्या वायरचं काय

हा आढावा दोन माणसं बसतील अशा, कार्बन पॅनलच्या, १७५० वॉटच्या लाकडी केबिनचा आहे. बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या घरगुती केबिन बहुतांशी याच साच्यातल्या असतात. बाहेरून साधारण चार फूट रुंद, साडेतीन फूट खोल, सव्वासहा फूट उंच. हेमलॉकचं लाकूड, पुढे टफन्ड काचेचं दार, पाठीला, बाजूंना, पोटऱ्यांशी आणि पायाखाली हीटर पॅनल, छताला सरकती झडप. ब्लँकेट, तंबू आणि लाल बल्ब या स्वस्त पर्यायांबद्दलही पुढे लिहिलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. स्नायूंचा आखडलेपणा, दिवसभराचा शीण आणि रात्रीची झोप यांसाठी ही वस्तू खरोखर उपयोगी आहे. वजन उतरवणं, ‘डिटॉक्स’ आणि आजार बरे करणं यांसाठी नाही. आणि ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल की महिन्याभरात कपडे वाळत घालायची जागा होईल, हे केबिनच्या किमतीपेक्षा तुमच्या घरातल्या वायरिंगवर आणि ती ठेवलेल्या कोपऱ्यावर जास्त ठरतं.

एक गोंधळ मात्र सुरुवातीलाच दूर करायला हवा. आपल्याकडे ऑनलाइन ‘पोर्टेबल सॉना’ म्हणून जे सर्रास विकलं जातं, ते वाफेचं यंत्र असतं : कापडी तंबू, शेजारी पाण्याचं भांडं आणि नळीतून आत येणारी वाफ. ते बाष्पस्नान झालं, आयुर्वेदिक दवाखान्यातल्या स्वेदनाच्या पेटीच्या जवळचं. इन्फ्रारेडमध्ये पाणी लागतच नाही. फिनलंडच्या पारंपरिक सॉनात तापलेल्या दगडांनी हवा ८० ते १०० अंशांपर्यंत नेतात आणि ती हवा अंग तापवते. इन्फ्रारेड केबिनमध्ये हवा ४५ ते ६० अंशांवरच राहते. पॅनलमधून निघणारी उष्णता थेट कातडीवर पडते. म्हणून ज्यांना वाफेत गुदमरतं, त्यांना इथे श्वास घ्यायला सोपं जातं आणि वीस-पंचवीस मिनिटं बसता येतं. घाम मात्र लगेच फुटत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसती ऊब लागते, मग एकदम धारा लागतात. सातव्या मिनिटाला ‘काहीच होत नाही’ म्हणून तापमान वाढवणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक आहे.

विक्रेत्यांचा लाडका दावा असा, की ही किरणं शरीरात चार सेंटिमीटर आत शिरतात. तसं होत नाही. कार्बन पॅनलचा पृष्ठभाग ६० ते ९० अंशांवर असतो आणि त्या तापमानाच्या वस्तूमधून मुख्यतः ८ ते ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी निघतात. या लहरी कातडीच्या वरच्या, एका मिलिमीटरपेक्षाही पातळ थरातच शोषल्या जातात. पुढे आत उष्णता पोचते ती कातडीखालून वाहणाऱ्या रक्तामुळे. परिणाम खरा आहे, मार्ग वेगळा आहे. याच हिशेबाने ‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे आखूड ते लांब सगळ्या इन्फ्रारेड लहरी देणारी केबिन, हा शब्दही तपासता येतो. ‘निअर’, म्हणजे आखूड, इन्फ्रारेड लहरी द्यायला दिव्याची तार दोन-अडीच हजार अंशांच्या आसपास तापावी लागते. केबिनमध्ये जाळीमागे लाल-पिवळा उजेड देणारे हॅलोजनसारखे दिवे नसतील आणि सगळे हीटर हात लावता येतील असे चपटे असतील, तर ती केबिन फुल स्पेक्ट्रम नाही. त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

आता फायद्याकडे. सर्वात जास्त मिरवला जाणारा अभ्यास फिनलंडमधल्या कुओपिओ भागातला आहे : २३१५ मध्यमवयीन पुरुष, सुमारे वीस वर्षांचा पाठपुरावा, २०१५ साली प्रसिद्ध. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये अचानक हृदय थांबून होणारे मृत्यू कमी आढळले. पण तो पारंपरिक, ८० अंशांच्या आसपासच्या सॉनाचा अभ्यास आहे आणि तोही नुसत्या निरीक्षणाचा, म्हणजे सॉनामुळेच मृत्यू कमी झाले हे सिद्ध न करणारा. इन्फ्रारेड केबिनच्या माहितीपत्रकात तो छापणं दिशाभूल करणारं आहे.

इन्फ्रारेडचं स्वतःचं काम पाहायचं तर जपानकडे बघावं लागतं. कागोशिमा विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. चुवा तेई यांनी ‘वाओन’ नावाची पद्धत बसवली. ६० अंशांच्या कोरड्या इन्फ्रारेड केबिनमध्ये १५ मिनिटं, बाहेर आल्यावर ब्लँकेटमध्ये गुंडाळून ३० मिनिटं पडून राहणं, आणि जेवढा घाम गेला तेवढं पाणी. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना त्याने बरं वाटतं, चालण्याची क्षमता सुधारते असं दिसलं. मात्र अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातल्या मुख्य निर्देशकामध्ये, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या बीएनपीमध्ये, दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. आणि हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली चाललं होतं, घरच्या गेस्टरूममध्ये नव्हे. नेदरलँड्समध्ये संधिवात आणि अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा संधिवात) यांच्या प्रत्येकी १७ रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा बसवलं, तेव्हा दुखणं आणि ताठरपणा कमी झाला आणि आजार बळावला नाही. गट लहान होता, एवढं ध्यानात ठेवावं. २००९ साली कॅनडातल्या कौटुंबिक डॉक्टरांच्या मासिकात आलेल्या आढाव्याने रक्तदाबाबाबत माफक पुरावा मान्य केला आणि कोलेस्टेरॉल कमी होतं हा दावा फेटाळला. यापलीकडे फारसं काही हाती नाही, पण आखडलेली कंबर आणि खांदे घेऊन जगणाऱ्या माणसाला एवढंही पुष्कळ आहे.

घामातून ‘विषं’ निघून जातात, असं म्हणतात. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. निचऱ्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. काट्यावर अर्धा किलो कमी दिसतं ते पाणी असतं आणि दोन ग्लास ताकात परत येतं. ‘एका बैठकीत ६०० कॅलरी’ हे आकडे पाहिलेत तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघा.

आता आपल्या घरांमध्ये खरी कसोटी लागते त्या विजेकडे वळू. १७५० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर ७.६ अँपिअर. आपल्या भिंतीवरचा साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॉटचा. म्हणून केबिनला जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेटच लागतो, तोही डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) थेट आलेला. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी (जास्त भार आला की पडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) एवढं वायरमनला सांगा. केबिन २२०० वॉटच्या पुढची असेल तर ४ स्क्वेअर एमएम ओढून घ्या. बाथरूमच्या गिझरचा पॉइंट फोडून जोड घेण्याचा सल्ला बरेच वायरमन देतात. त्याला नाही म्हणा. २००० वॉटचा गिझर आणि ही केबिन एकाच वेळी चालली की १६ अँपिअरची सीमा ओलांडली जाते, आणि सॉनानंतर अंघोळ करायची असल्यामुळे दोन्ही एकदमच चालू राहणार हे ठरलेलं आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टीप्लग, जाड पिनेवरून बारीक पिनेवर आणणारा कन्व्हर्टर यांपैकी काहीही वापरू नका. अशा ठिकाणी दोष एकदम उघड होत नाही. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल असते, तिथे रोज थोडी उष्णता साचते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि एखाद्या संध्याकाळी जळका वास येतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा, वीस मिनिटं चालल्यावर, स्विच बंद करून प्लग काढून पाहा. पिना कोमट असणं चालेल. बोट ठेववत नसेल तर सॉकेट बदला.

अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून मीटरने मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी तो दोष काढा. ओल्या अंगाने, अनवाणी, विजेच्या उपकरणात बसायचं आहे, त्यामुळे इथे ‘बघू पुढे’ चालणार नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर ती निकामी आहे. जुन्या इमारतीत वीजबिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. इन्व्हर्टरच्या लाइनवर केबिन चुकूनही येऊ देऊ नका.

गावाकडे, किंवा शहराच्या कडेला, व्होल्टेज पडतं तिथे आणखी एक गोष्ट होते. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १९० व्होल्टला १७५० वॉटची केबिन जेमतेम १२०० वॉट देते. मग अर्धा तास झाला तरी ती ४५ वर पोचत नाही आणि लोक कंपनीला फोन करतात. केबिन बिघडलेली नसते. सॉकेटपाशी, केबिन चालू असताना, व्होल्टेज मोजा. अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेल्या १२० व्होल्टच्या केबिनच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या ताकदीचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर जड असतो, तापतो, आणि वॉरंटीही हातची जाते.

विजेचा खर्च मात्र घाबरण्यासारखा नाही. वीस मिनिटं तापवणं आणि तीस मिनिटं बसणं धरलं तर जास्तीत जास्त दीड युनिट. युनिटला १० रुपये धरले तर बैठकीला १५ रुपये.

केबिन निवडताना दुकानात तीन गोष्टी हाताने कराव्यात. छताचं वरचं झाकण उचलून बघा : आत प्लायवूड असेल आणि डोळे चुरचुरवणारा वास येत असेल तर तो गोंदातल्या फॉर्मॅल्डिहाइडचा असण्याची दाट शक्यता असते, आणि तापल्यावर तो वाढतो. दार आतून नुसत्या पंजाने ढकलून उघडतं का बघा; त्याला चुंबक किंवा रोलर असावा, कडी-बोल्ट अजिबात नको. आणि केबिन अर्धा तास चालवायला लावून आत बसा, पाठ आणि पोटऱ्या दोन्ही सारख्या तापतात का ते कळेल. पोटऱ्यांशी हीटर नसलेल्या स्वस्त केबिनमध्ये डोकं तापतं आणि पाय गार राहतात. विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०३३५-२-५३ हे मानक सॉना हीटर आणि इन्फ्रारेड केबिन यांच्यासाठीच आहे. त्याचा चाचणी अहवाल मागा. ‘लो ईएमएफ’, म्हणजे हीटरभोवतीचं विद्युत-चुंबकीय क्षेत्र कमी असल्याच्या दाव्याबद्दल एवढंच : ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी सामान्य लोकांकरिता आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला, म्हणजे २००० मिलिगॉस आहे. विक्रेता ‘आमचं ३, त्यांचं १०’ म्हणतो तेव्हा दोन्ही आकडे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. लाल-निळे दिवे आणि ब्लूटूथ स्पीकरही सोडून द्या, उष्णतेत आधी खराब होतात ते हेच भाग. लाकडात हेमलॉक किंवा बासवूड बरं. सिडरचा वास छान असतो, पण दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना तो सोसवेलच असं नाही.

ऑर्डर देण्याआधी लिफ्ट मोजा. मागची भिंत अखंड येते, जवळपास सव्वासहा फूट बाय चार फूट. जोडणीचा क्रम असा : आधी फरशी, मग मागची भिंत, दोन्ही बाजू, बाकाचा आधार आणि त्यातला हीटर, बाक, पुढची काचेची बाजू, सर्वात शेवटी छत. दोन माणसं आणि दोन तास पुरतात, पण छत चढवताना तिसरा हात लागतोच. छताच्या भोकांतून भिंतींच्या वायरी वर ओढून घ्यायच्या असतात. एखादी दबली तर पुढे शोधत बसावं लागतं. प्रत्येक कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. नव्या केबिनमध्ये एखादी भिंत थंड राहण्याचं कारण दहापैकी आठ-नऊ वेळा अर्धवट बसलेला कनेक्टरच असतो. भिंतीपासून दोन-तीन इंच, वर निदान एक फूट मोकळं ठेवा. बाल्कनी नको, पावसाचे शिंतोडे येतात. एसीचा झोत थेट केबिनवर येईल अशी जागाही नको. दारासमोर कपाट, ड्रायरचा स्टँड, इस्त्रीचं टेबल असं काही येऊ देऊ नका; चक्कर आलेल्या माणसाला ते दार पूर्ण उघडावं लागतं.

पहिल्यांदा माणूस आत न बसता, झडप उघडी ठेवून, सर्वाधिक तापमानावर तासभर चालवा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही वास डोक्यात जात असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवा.

आता वापर. १५ ते २० मिनिटं तापवून आत जा. केबिन ४०-४५ वर आली की पुरे, ६० ची वाट पाहायची गरज नाही. पहिला आठवडा ४५ अंश आणि १० मिनिटं, एक दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात १५, मग २०. पुढे ५० ते ५५ अंशांवर २५-३० मिनिटं, आठवड्यातून तीन वेळा, एवढं बहुतेकांना पुरेसं होतं. कंट्रोलरवरचा टायमर लावाच, आणि आत डुलकी लागत असेल तर बाहेर घरच्या कुणाला तरी सांगून बसा. जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. निर्जळी एकादशीला किंवा रोजाच्या दिवशी बसू नका. दारू पिऊन तर कधीच नाही. सॉनातल्या मृत्यूंमध्ये दारूचा वाटा मोठा असल्याचं फिनलंडमध्ये दिसून आलेलं आहे.

आधी अर्धा लिटर पाणी प्या. बाकावर एक, फरशीवर एक आणि पाठीला एक असे सुती टॉवेल घ्या. अंगावर दागिना, घड्याळ, अंडरवायरचे कपडे नकोत, धातू तापून चटका बसतो. तेल-मलम लावून बसू नका. कापूर-मेंथॉलचं दुखण्याचं मलम लावलेल्या जागी आग होते आणि भाजल्याचं वेळेवर समजत नाही. उठताना आधी दार उघडा, दोन मिनिटं बसूनच राहा, मग उभे राहा. रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, रक्तदाब उतरलेला असतो. झटकन उठलेला माणूस काचेच्या दारावर जातो. पाच-दहा मिनिटांनी कोमट पाण्याने अंघोळ.

किती पाणी गेलं हे काटा सांगतो. आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. अर्धा किलो फरक म्हणजे अर्धा लिटर पाणी. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत यांनी ते उत्तम भरून येतं. मूत्रपिंडाचा विकार किंवा मीठ-पाण्याचं पथ्य असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

काही जणांनी बसूच नये, हे आम्हाला ठासून सांगायचं आहे, कारण विकताना ते कुणी सांगत नाही. गरोदर स्त्रिया, ताप असलेली माणसं, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत दुखणं आटोक्यात नसलेले, महाधमनीची झडप खूप अरुंद झालेले, लहान मुलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात अंग तापलं की लक्षणं वाढतात. मधुमेहात दोन धोके एकत्र येतात : पायांची संवेदना कमी झालेली असेल तर चटका कळत नाही, आणि उष्णतेने टोचलेलं इन्सुलिन लवकर रक्तात उतरून साखर एकदम पडू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि बीटा-ब्लॉकर, नायट्रेट, काही ॲलर्जीच्या आणि मानसोपचारातल्या गोळ्या यांमुळे शरीराची उष्णता झेलण्याची ताकद कमी होते. अंगावर औषधाची चिकटपट्टी असेल तर उष्णतेत ते औषध जास्त वेगाने आत जातं. वेदनाशामक फेंटानिलच्या पट्टीत हे जीवावर बेतू शकतं. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनी काही महिने सॉना टाळावा, उष्णतेने शुक्राणू तात्पुरते घटतात. पेसमेकर असेल तर तो बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आपल्या कातडीबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. चेहऱ्यावर वांग असेल तर उष्णतेने ते गडद होऊ शकतं, ऊन लागलं नाही तरी. तोंडावर ओला रुमाल ठेवा, तरी वाढतंय असं वाटलं तर थांबा. दुसरं, एकाच जागी पाठ किंवा पोटऱ्या पॅनलला टेकवून रोज बसलं की काही आठवड्यांत कातडीवर जाळीसारखे तपकिरी पट्टे उठतात. शेगडीशी रोज पाय शेकणाऱ्यांना होतात तेच हे. वेळीच थांबलं तर हळूहळू फिकट होतात, नाहीतर कायमचे राहतात. पॅनलपासून चार बोटं अंतर ठेवा. समोर निअर इन्फ्रारेडचे दिवे असतील तर त्यांच्याकडे टक लावून बघू नका. भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो तो याच प्रकारच्या लहरींनी.

डोकं ठणकणं, मळमळ, छाती धडधडणं, हातापायांत गोळे, किंवा चालू असलेला घाम अचानक थांबणं, यांतलं काहीही झालं की बैठक संपली. आडवं व्हा, पाय उंच, ओला कपडा, पंखा, घोट घोट पाणी. माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी न घालता १०८ ला फोन.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ही केबिन बंदच ठेवावी असं आमचं मत आहे. बाहेर ४५ अंश असताना शरीर दिवसभर तेच काम करत असतं, त्यात भर घालायचं कारण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पावसाळी संध्याकाळ हा तिचा खरा हंगाम.

पावसाळा लाकडाला मात्र मानवत नाही. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर बाकाखाली बुरशी धरते, खाच्यात बसलेल्या पट्ट्या फुगतात आणि दार घासायला लागतं. दार घासतंय म्हणून लगेच सुताराकडून रंधा मारून घेऊ नका, दिवाळीनंतर फट पडेल. वापर नसला तरी तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं रिकामी चालवा, झडप उघडी ठेवा. वापरानंतर ओलसर फडक्याने बाक पुसा, दार उघडं टाका. घामाचे डाग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके घासले की जातात. आतून व्हार्निश, पॉलिश, वाळवीचं औषध काहीही लावू नका, तापल्यावर त्याच्या वाफा तुमच्याच नाकात जाणार. वाळवीचा बंदोबस्त खोलीच्या कडेला आणि केबिन येण्याआधी करून घ्या. हीटरवर पाणी किंवा सुगंधी तेल टाकू नका. आणि छतावरच्या कंट्रोल बॉक्सची भोकं बारीक जाळीने बंद करा. उबेला पाली आत शिरतात आणि सर्किट शॉर्ट करतात. विजा कडाडत असताना प्लग काढलेला बरा.

नेहमीच्या तक्रारींपैकी ‘स्क्रीनवर ५५ आणि आत तेवढं जाणवत नाही’ ही खरी तक्रार नव्हे. सेन्सर उंचावर असतो, छातीपाशी पाच-सात अंश कमी असणारच. छातीच्या उंचीवर साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि त्यालाच प्रमाण माना. स्क्रीनवर एररचा कोड किंवा अशक्य आकडा दिसला तर बहुधा सेन्सरची पिन सुटलेली असते. केबिन तापते आणि मध्येच पूर्ण बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, तर उष्णतेचा कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग, काम करतोय; छतावर कुणी गाद्या-चादरी ठेवल्या आहेत का पाहा. कटआउट सारखा पडतो म्हणून तो बायपास करून देणारा मेकॅनिक भेटेल, त्याला दारातूनच परत पाठवा. आरसीसीबी पडत असेल तर एकेक पॅनलचा कनेक्टर काढून चालवत जा, ज्याच्यावर पडते तो पॅनल बदला.

स्वस्त पर्यायांत सॉना ब्लँकेटची चलती आहे. ४०० ते ६०० वॉट, ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं, पलंगाखाली मावतं. आम्ही त्याला केबिनच्या बरोबरीने धरत नाही. हीटर अंगाला चिकटून असतो, त्यामुळे भाजण्याचा धोका जास्त आणि घाबरल्यावर झटकन बाहेर पडणं कठीण. वापरायचंच तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायमोजे, आधी कमी अंकावर १५ मिनिटं, आणि झोप लागू द्यायची नाही. घडी एकाच ठिकाणी घालू नका, आतली वायर तिथेच तुटते आणि तोच भाग जास्त तापू लागतो. सैल गुंडाळी करून ठेवा. संवेदना कमी असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांसाठी हे आणूच नका. डोकं बाहेर ठेवून बसायचा इन्फ्रारेड तंबू त्याहून बरा, पण चेन आतूनही उघडता येते का ते पाहा, आणि पॅनल पाठीमागे कलंडून कापडाला चिकटत नाहीत ना तेही.

नुसती कंबर किंवा मान धरत असेल तर यांतलं काहीच नको. दीडशे वॉटचा लाल इन्फ्रारेड दिवा, दीड-दोन फुटांवरून, १५ मिनिटं, उघड्या कातडीवर. काचेवर पाण्याचा थेंब उडू द्यायचा नाही, तडकते. थोडक्या पैशांत काम होतं.

केबिनच घ्यायची ठरली तर बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या : हीटरची वॉरंटी वेगळी किती वर्षं, कंट्रोलरची किती, आणि दुरुस्तीला माणूस तुमच्या गावात येणार की भाग कुरिअरने पाठवणार. एक जादा सेन्सर खरेदीच्या वेळीच मागून घ्या, नंतर तो एकटा मागवायला आठवडे जातात.